मधला पट्टा

वकीलबाईंनी चष्मा पुसला आणि वाचलं,
‘माझं सगळं माझ्या मुलांना, समसमान.’
एवढंच. आल्सीद याहून लांब वाक्य
आयुष्यात बोलला नव्हता.

मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या,
मुलं म्हणजे, कायद्यापुरतं, इव्हेत आणि रेआल.

मी खिडकीबाहेर बघितलं.
पब्निकोच्या धक्क्यावर पिंजऱ्यांच्या चळती लागल्या होत्या,
शेवंडांचा हंगाम सोमवारी सुटणार.
पहिल्यांदा त्या रचल्या तेव्हा मी चौदाचा होतो,
आईच्या लग्नाला तीन महिने झाले होते
आणि या माणसाला काय हाक मारायची ते ठरलं नव्हतं.
तेवीस वर्षं ठरलं नाही.
बोटीवर चालून जातं. इंजिनाच्या आवाजात
नावानं कोण कुणाला हाक मारतं?
नाखव्यानं हात वर केला की दोर सोडायचा.

परवाना घराहून महाग आहे,
हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.
रेआल फोर्ट मॅकमरीहून विमानानं आला,
दोन घटस्फोट, एक ट्रक, त्याचे हप्ते,
आणि खिशात कुठल्याशा दलालाचा आकडा.
त्याचा राग करायला बसलो की जमत नाही मला.
चौदाव्या वर्षी त्याची आई गेली,
सोळाव्या वर्षी त्याच्या खोलीत माझी खाट आली.
भिंतीकडची जागा मला दिली होती त्यानं,
न मागता.

आईला ते राहू देणार होते. हयात असेपर्यंत.
छप्पर गळलं तर खर्च तिचा.
ती मान हलवत राहिली,
जणू दुकानात कुणी भाव सांगतंय.

इव्हेतला काचेच्या कपाटातली निळी ताटं हवी होती,
तिच्या आईची.
माझ्या आईनं तेवीस वर्षं, दर शनिवारी, ती पुसली,
एकदाही त्यांत वाढून घेतलं नाही.
टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं ती मोजून दिली.
अकरा भरली.
बारावं मी यायच्या आधीच फुटलं होतं, ती म्हणाली.
मग पुन्हा म्हणाली.
कुणी विचारलं नव्हतं.

म्हणतात, काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही.
असेल. पण आम्ही पाणी कधी नव्हतो.
आम्ही दोन तुटके दोर,
कुणीतरी घाईत एकमेकांना बांधलेले,
आणि खारं पाणी पिऊन पिऊन
गाठ अशी आवळत गेलेली
की सोडवायला नखं पुरत नाहीत,
सुरीच लागते.
सुरी वकीलबाईंच्या टेबलावर होती.
चांगली बाई. कॉफी विचारली तिनं मला.

शनिवारी रात्री शेडमध्ये दिवा लावला.
बोये रंगवायचे राहिले होते.
सोमवारी बोट कोण काढणार हे कुणी बोललं नव्हतं,
पण बोये रंगवायचे राहिले होते
आणि माझ्या हातांना नोव्हेंबरमध्ये दुसरं काही सुचत नाही.
पांढरा सुकला, वर नारिंगी चढवला.
टर्पेंटाइनच्या वासात तो अजून
उलट्या बादलीवर बसलेला होता, पाठमोरा.

इव्हेत आली. बापाचं जॅकेट घालून,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
म्हणाली, मी करू काही?
तिला ब्रश दिला.
तिनं एक बोया मांडीवर घेतला, तान्हं मूल घ्यावं तसा,
आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

मग, अगदी हळू,
‘मधला पट्टा कुठला रे? हिरवा की काळा?’

अर्धी बोट तिची. अर्धा परवाना तिचा.
तीनशे पंच्याहत्तर पिंजऱ्यांतले निम्मे तिचे.
मी काळा म्हणालो असतो तर तिनं काळा दिला असता.

हिरवा, मी म्हणालो. बोटभर रुंद.
त्याच्या बोटाइतका. आपल्या नाही.

तिनं आपलं एक बोट बोयावर टेकवून बघितलं.
मग दोन.